आधी रक्तातला युरिया, मग पुड्या: कडब्यावर वाढणाऱ्या जनावरांसाठी खाद्यपूरकं आणि रक्ततपासणी

फेब्रुवारी उलटला की बांधावरचं गवत वाळून पांढरं पडतं. गव्हाणीत कडबा, गव्हाचं काड, भाताचा पेंढा नाहीतर उसाचं वाढं एवढंच उरतं. गाईच्या कालवडी-गोऱ्हे, म्हशीच्या वगारी-हेले यांची वाढ तिथंच अडते. मग दुकानातून यीस्टच्या पुड्या येतात, लिव्हर टॉनिकच्या बाटल्या येतात, कुणी बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे जाणारी चरबी) सुचवतं, कुणी युरिया-मळीची चाटण वीट टांगतं. यातलं काय लागू पडलं हे वजनावरून कळायला दोन-अडीच महिने जातात. रक्तातले काही घटक मात्र पंधरा दिवसांत उत्तर देतात. नमुना कधी घेतला, कोणत्या नळीत घेतला आणि आकडा कशाच्या जोडीने वाचला, यावर ते उत्तर खरं की खोटं हे ठरतं.

या विषयावरचं बरंचसं काम मांसासाठी कुरणावर वाढणाऱ्या गोवंशावर झालं आहे: ब्राझील, उत्तर ऑस्ट्रेलिया, अमेरिकेचा दक्षिण भाग. ब्राझीलची मांसासाठीची मुख्य जात नेलोर ही मूळची आपल्या आंध्रातली ओंगोल, आणि तिथल्या कोरड्या हंगामातलं कुरण माण-खटावच्या उन्हाळ्याहून फार वेगळं नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी असल्याने मांसासाठी वाढतो तो हेला. पण कोठीपोटाला, म्हणजे रवंथ करणाऱ्यांच्या पोटातल्या सर्वांत मोठ्या कप्प्याला, जनावर कशासाठी पाळलंय याचं सोयरसुतक नसतं. कडबा खाणारी कालवड आणि कडबा खाणारा हेला यांच्या रक्ताचं गणित एकच.

रक्तात नेमकं काय हलतं

माणूस भाकरी खातो, तिची साखर रक्तात जाते. रवंथ करणाऱ्या जनावराचं तसं नसतं. चाऱ्यातले कर्बोदक कोठीपोटातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. आतड्यातून साखर जवळपास येतच नाही. यकृत मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून ती घडवतं. म्हणून निरोगी वाढत्या जनावराची साखर ४५ ते ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, आणि शरीर ती जिवापाड सांभाळतं. खाद्यपूरकाने प्रोपिऑनिक आम्ल वाढलं तरी साखरेचा आकडा फार हलत नाही. ‘साखर वाढली नाही म्हणजे पूरक वाया गेलं’ हा निष्कर्ष चुकीचा, तो यामुळे.

कॅल्शियमचंही तसंच. चाऱ्यात कमी पडलं तर हाडांतून काढून रक्तातली पातळी राखली जाते, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम ठीक आहे यावरून चाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. फॉस्फरसवर शरीराची इतकी घट्ट पकड नसते, म्हणून चाऱ्यातली तूट रक्तात दिसते. कडब्यात तो कमीच असतो. माती, हाडं, चिंध्या चघळणारं जनावर पाहिलं की फॉस्फरस तपासून घ्या.

सगळ्यात बोलका घटक म्हणजे युरिया. चाऱ्यातल्या प्रथिनांचा मोठा भाग कोठीपोटात अमोनिया होतो. जिवाणू त्यातून स्वतःचं शरीर बांधतात आणि पुढे आतड्यात तेच जिवाणू जनावराचं प्रथिन ठरतात. वापर होऊन उरलेला अमोनिया यकृत युरियात बदलतं. त्यातला काही लघवीवाटे जातो, काही लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत कोठीपोटात येतो. नत्राची टंचाई असली की मूत्रपिंड युरिया राखून धरतं आणि परतीचा वाटा वाढतो. म्हणून नुसत्या कडब्यावरच्या जनावरातही तो शून्यावर जात नाही, पण युरियातल्या नत्राच्या हिशेबात ५-६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत उतरतो.

ऊर्जा कमी पडते आहे का हे दोन घटक सांगतात. अंगावरची चरबी वितळली की मुक्त मेदाम्लं वाढतात. बीएचबी हा कीटोन पदार्थही वाढतो, पण तो फसवा आहे. मुरघास किंवा मळी खाल्ल्यावर तयार होणारं ब्युटिरिक आम्ल कोठीपोटाच्या भिंतीतच बीएचबी बनतं, त्यामुळे भरल्या पोटी घेतलेल्या नमुन्यात तो जनावर उपाशी नसतानाही वर दिसतो.

पायरी १: चाऱ्याचा हिशेब कागदावर

रक्त काढण्याआधी हे करा, कारण अर्धं उत्तर इथंच मिळतं. वजनकाटा नसेल तर टेपने मोजा: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०. घेर ५२ आणि लांबी ४५ असेल तर वजन १८४ किलो. पुढचं गणित १८० किलोच्या जनावराचं धरू.

चांगल्या चाऱ्यावर ते वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेचार किलो शुष्क पदार्थ (पाणी वजा जाता उरणारा चारा) खाईल. कडब्यात प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास असतात, गव्हाच्या काडात ३. चाऱ्यातली प्रथिनं ७ टक्क्यांखाली गेली की जिवाणूंना नत्र पुरत नाही, तंतू पचायला वेळ लागतो, पोट रिकामं होत नाही आणि जनावर कमी खातं. साडेचारच्या जागी ते चार किलोच खाईल. त्यातून मिळतील १६० ग्रॅम प्रथिनं. किमान हवीत ४.५ किलोच्या ७ टक्के, म्हणजे ३१५. तूट साधारण १५५ ग्रॅमची.

चाऱ्यात घातलेल्या युरियाचाही कोठीपोटात अमोनिया होतो आणि तो जिवाणूंना चालतो, पण ही तूट एकट्या युरियाने भरायला जाऊ नका. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे १०० ग्रॅम युरिया हा २८७ ग्रॅम प्रथिनाइतका. १५५ ग्रॅमसाठी ५४ ग्रॅम युरिया लागेल. पण सवय नसलेल्या जनावराने किलोमागे ०.३ ग्रॅम युरिया एकदम खाल्ला तर विषबाधा होऊ शकते, आणि १८० किलोला ती मात्रा नेमकी ५४ ग्रॅम आहे. म्हणून निम्मं युरियातून, निम्मं पेंडीतून: २५ ग्रॅम युरियाने ७२ ग्रॅम आणि ४०० ग्रॅम सरकी पेंडीने, २२ टक्के धरून, ८८ ग्रॅम. एकूण १६०.

पायरी २: जनावरं निवडणं

निदान बारा घ्या. एकाच जातीची, एका वयाची, वजनात २० किलोंहून जास्त फरक नसलेली. वजनाने ओळीत लावा आणि जोड्या पाडून एक या गटात, एक त्या गटात टाका. धट्टीकट्टी एकीकडे आणि अशक्त दुसरीकडे ठेवली तर निकाल आधीच ठरला म्हणायचा.

जंतनाशक किमान तीन आठवडे आधी द्या. पाणथळ जागी चरणाऱ्यांना यकृतातल्या चपट्या कृमींवर चालणारं औषध हवं, कारण हे कृमी अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात तयार होणारं रक्तातलं मुख्य प्रथिन, खाली आणतात. मग प्रथिनं कमी पडली असं वाटतं आणि दोष चाऱ्यावर जातो. ज्या टॉनिकने ‘अल्ब्युमिन वाढलं’ असं सांगतात, त्याच्या जोडीला त्याच आठवड्यात जंतनाशक दिलं होतं का, हे एकदा विचारून पाहावं.

दोन्ही गटांना एकच कडबा, एकच पाणी, एकच वेळ. फरक फक्त तपासायच्या पूरकाचा. एका वेळी एकच पूरक बदला. यीस्ट, खनिज मिश्रण आणि पेंड एकाच दिवशी सुरू केली तर फरक कशाने पडला हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

पायरी ३: नमुना

रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्या. तुमचं काम म्हणजे वेळ, नळ्या आणि थंडावा सांभाळणं.

वेळ एकच ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. सकाळी चारा टाकण्याआधीची सगळ्यात सोयीची. युरिया नेमका किती चढतो हे पाहायचं असेल तर खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी. पहिला नमुना सकाळी सहाला उपाशीपोटी आणि दुसरा अकराला खाऊन झाल्यावर घेतला, तर दिसणारा फरक पूरकाचा नसून घड्याळाचा असतो. मेदाम्लं उपाशीपोटी सर्वांत जास्त आणि खाल्ल्यावर सर्वांत कमी, हेही लक्षात ठेवा.

जनावर पळवून, दोरखंड टाकून, ओढत खोड्यात आणलं तर भीतीने साखर आणि मेदाम्लं दोन्ही उडी मारतात. दोन-तीन दिवस आधीपासून खोड्यात नेऊन मूठभर पेंड चारा, मग त्या दिवशी ते आपणहून येतं. नमुन्याच्या सकाळी मात्र पेंड नाही.

मान वर आणि जरा बाजूला धरली, गळ्याच्या खोबणीत अंगठ्याने दाब दिला, की शीर दोरीसारखी फुगून वर येते. १८ गेजची सुई चालते. रक्त नळीच्या कडेने ओघळू द्यायचं. पिचकारीने जोरात मारलं की तांबड्या पेशी फुटतात. शेपटीखालच्या शिरेतूनही घेता येतं, पण सगळ्यांचं आणि दर वेळी एकाच शिरेतून घ्या. लाळग्रंथी फॉस्फरस ओढून घेतात, त्यामुळे मानेच्या शिरेतला फॉस्फरस शेपटीतल्यापेक्षा कमी येतो. पहिला नमुना मानेतून आणि दुसरा शेपटीतून घेतला, तर खनिज मिश्रणाशिवायच फॉस्फरस ‘वाढलेला’ दिसेल.

नळ्यांच्या बाबतीत सर्वात जास्त घोटाळे होतात. साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड असलेली नळी, कारण साध्या नळीत पेशी बसल्या जागी साखर खात राहतात. युरिया, प्रथिनं, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) आणि खनिजांसाठी लाल किंवा पिवळ्या टोपणाची. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. त्या नळीतून कॅल्शियम तपासलं तर आकडा इतका खाली येतो की जनावर जिवंत कसं, असा प्रश्न पडावा. मुक्त मेदाम्लांसाठी हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी नको, तिच्यात ती खोटी वाढतात.

लाल टोपणाची नळी अर्धा-पाऊण तास सावलीत उभी ठेवा, रक्त गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर १० ते १५ मिनिटं फिरवून वरचा द्रव वेगळा करा. यंत्र नसेल तर थर्मासमध्ये बर्फ घालून दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. नळी आणि बर्फ यांच्यामध्ये कापड हवंच. नळी थेट बर्फाला टेकली की रक्ताचाच बर्फ होऊन पेशी फुटतात. गाईच्या नमुन्यात वरचा द्रव गवती पिवळा असतो, म्हशीचा जवळपास पाण्यासारखा फिकट. तो डाळिंबी दिसला तर नमुना बिघडला आहे. फॉस्फरस, पोटॅशियम आणि एएसटी (यकृत-स्नायूंतलं विकर) हे तिन्ही त्यात खोटे वाढलेले येतील. अशा नमुन्याचे पैसे प्रयोगशाळेला देण्यापेक्षा रक्त पुन्हा काढलेलं बरं.

बीएचबीसाठी माणसांच्या कीटोन मोजण्याच्या हातातल्या यंत्राची पट्टी चालते, एक थेंब पुरतो. मुक्त मेदाम्लांची चाचणी तालुक्याच्या ठिकाणी बहुधा होत नाही. ती नाही झाली तरी युरिया, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, फॉस्फरस आणि बीएचबी एवढ्यावर काम भागतं.

पायरी ४: अहवाल वाचणं

माणसांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावर शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसाची असते. दुसरा सापळा युरियाचा. काही प्रयोगशाळा ‘ब्लड युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे युरियातलं फक्त नत्र. ब्लड युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. जनावरांच्या आहारशास्त्रातले जवळपास सगळे निकष बीयूएनमध्ये आहेत. हे न पाहता वाचलं तर दुपटीहून मोठी चूक होते.

उदाहरणादाखल कडब्यावरच्या १८० किलोच्या वगारीचा कागद असा धरू: साखर ५६, पुढे ‘कमी’चा शिक्का. क्रिएटिनिन १.४, पुढे ‘जास्त’चा शिक्का. ब्लड युरिया १५, शिक्का नाही. एकूण प्रथिनं ६.९ ग्रॅम, अल्ब्युमिन २.९ ग्रॅम, बीएचबी ०.३ मिलिमोल. मालक साखरेवर आणि किडनीवर औषध मागायला जाईल. वास्तविक साखर ५६ ही रवंथ करणाऱ्या जनावराची ठणठणीत साखर आहे आणि क्रिएटिनिन १ ते २ हे गाई-म्हशींत सरसकट दिसतं. ज्या आकड्यावर शिक्का नाही, गडबड तिथंच आहे. १५ भागिले २.१४ म्हणजे बीयूएन ७. हे जनावर नत्राला मुकलेलं आहे.

निकष असे. वाढत्या जनावरात बीयूएन ११ ते १५ असावं. फ्लॉरिडातल्या चराऊ गोवंशावरच्या कामात असं दिसलं की बीयूएन ९ ते १२ च्या खाली असेल तेव्हाच प्रथिन पूरकाला वजनवाढीने चांगला प्रतिसाद मिळतो. ८ च्या खाली तर शंकेला जागा नाही. २० च्या वर गेलं तर नत्र लघवीतून वाहून जातं आहे आणि पेंडीचे पैसेही.

पण एकट्या बीयूएनवर विसंबू नका. सोबत शेण पाहा. बीयूएन खाली आणि शेण घट्ट, कडक, वळ्या-वळ्यांचं: नत्र कमी. बीयूएन वर आणि शेण पातळ: नत्राच्या मानाने ऊर्जा कमी, लसूणघास किंवा कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर असं होतं, तिथं पेंड कमी करून थोडा मका भरडा द्यावा. तिसरा प्रकार लोकांना चकवतो: बीयूएन वर, बीएचबी किंवा मेदाम्लंही वर, आणि जनावर खंगत चाललेलं. हे जास्त प्रथिनाचं लक्षण नव्हे. उपासमारीत जनावर स्वतःचा स्नायू जाळतं आहे आणि त्याचा युरिया होतो आहे. अशा वेळी पेंड बंद केली तर उरलंसुरलंही जातं. बीयूएनसोबत क्रिएटिनिनही चढलं असेल तर पाणी पुरेसं मिळतं का ते पाहा आणि पशुवैद्यकाला मूत्रपिंड तपासायला सांगा.

अल्ब्युमिन मंद चालतं. आहार बदलल्यावर बीयूएन आठवड्या-दोन आठवड्यांत नव्या पातळीवर बसतं, अल्ब्युमिनला दीड-दोन महिने द्या. पंधराव्या दिवशी अल्ब्युमिन तपासणं म्हणजे पेरणीच्या आठवड्यात कणसं मोजणं. फॉस्फरस ४ च्या खाली असेल तर खनिज मिश्रणाला पर्याय नाही.

पायरी ५: कोणतं पूरक रक्तात काय करतं

युरिया आणि पेंड. बीयूएन ७ वरून १२-१३ वर येणं हे अपेक्षित उत्तर. जनावर कडबा जास्त खाऊ लागतं, बीएचबी आणि मेदाम्लं थोडी उतरतात. संथ विरघळणाऱ्या युरियाने सरासरी तीच राहते, फक्त खाल्ल्यानंतरची उसळी बोथट होते. फॉर्मलडिहाइडची प्रक्रिया केलेल्या बायपास पेंडीवर मात्र बीयूएन फारसं न वाढता वजन वाढू शकतं, कारण प्रथिन कोठीपोट चुकवून आतड्यात पोचतं. पण ही पेंड आधीच नत्राला मुकलेल्या कोठीपोटाला एकटी पुरत नाही.

मोनेन्सिन. हे खाद्यात कालवून द्यायचं औषध. कोठीपोटातल्या ठरावीक जिवाणूंना आवर घालून ते प्रोपिऑनिक आम्लाचा वाटा वाढवतं आणि अमोनिया तयार होणं कमी करतं. अमेरिकेत १९७५ पासून मांसाच्या गोवंशात चालतं. युरोपीय संघाने वाढीसाठीचा त्याचा वापर जानेवारी २००६ पासून थांबवला. दुभत्या गाईंवरच्या अनेक प्रयोगांच्या २००८ मधल्या एकत्रित विश्लेषणात बीएचबी सुमारे १३ टक्के व मेदाम्लं ७ टक्के घटली, साखर ३ टक्के आणि युरिया ६ टक्के वाढला. साखरेची ५६ वर ३ टक्के वाढ म्हणजे पावणेदोन. तेवढा फरक दोन नमुन्यांत उगाचही पडतो. कुरणावरच्या जनावरांना तिथली मात्रा दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत, पहिले पाच दिवस १०० च्या आत, आणि ती निदान अर्धा किलो खाद्यात नीट कालवून. आपल्याकडे पशुवैद्यकाच्या सांगण्याशिवाय याला हात लावू नका. कारण एकच: घोडा. किलोमागे २-३ मिलिग्रॅम मोनेन्सिन घोड्याला मारून टाकतं, गोवंश त्याच्या कितीतरी पट सोसतो. घोडा-बैल शर्यतीच्या नादात एकाच गोठ्यात घोडा, गाढव आणि बैल असतात; तिथं एक घमेलं चुकलं तरी पुरे.

यीस्ट. मक्याचा भरडा, मुरघास, बदलता आहार असेल तिथं कोठीपोट स्थिर ठेवायला मदत करतं. निव्वळ कडब्यावर रक्तातले आकडे त्याने क्वचितच हलतात. बीयूएन ७ असताना यीस्ट देणं म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीवर नवी मोटर बसवणं.

खाण्याचा सोडा. कडबा चघळताना जनावर इतकी लाळ गाळतं की सोडा घरचाच मिळतो. धान्य कमी असलेल्या आहारात तो विकत घालू नका.

बायपास फॅट. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि अहवाल पाहून लोक घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र कडब्यावरच्या वाढत्या जनावराला तो महागडा चैनीचा पदार्थ आहे.

टॅनिन (वनस्पतीतला तुरट पदार्थ) असलेली पूरकं, बाभळीच्या शेंगांसकट, प्रथिनं बांधून ठेवतात आणि बीयूएन खाली ओढतात. हिरव्या लसूणघासावर हे फायद्याचं, कडब्यावर उलट नुकसानीचं.

पायरी ६: युरिया चारणं

सहा महिन्यांखालच्या वासरा-रेडकांना, आजारी आणि उपाशी जनावरांना अजिबात नाही. पशुखाद्यासाठीचा युरिया घ्या. खताच्या दुकानातला अनुदानित युरिया नीम-लेपित असतो आणि तो खतासाठीच वापरावा असा नियम आहे.

१८० किलोच्या दहा जनावरांसाठी पूर्ण मात्रेचा एका दिवसाचा माल: युरिया २५० ग्रॅम, मळी किंवा गूळ दीड ते दोन किलो, मीठ १५० ग्रॅम, खनिज मिश्रण ३०० ग्रॅम, गंधक सुमारे १० ग्रॅम. गंधक कशाला? जिवाणूंना प्रथिन बांधायला १०-१२ भाग नत्रामागे एक भाग गंधक लागतं, आणि युरियात ते नसतं. खनिज मिश्रणात आधीच असेल तर वेगळं घालू नका.

हे दोन वेळांत विभागा. दीड लिटर कोमट पाण्यात आधी एकटा युरिया घालून काठीने ढवळा, तळाशी बोटांना खडा लागेनासा होईपर्यंत. मग मीठ आणि मळी. दहा-बारा किलो कुट्टी फरशीवर पातळ पसरून झारीने शिंपडा, खालीवर करा, पुन्हा शिंपडा. खनिज मिश्रण, गंधक आणि पेंड कोरडी वरून. कुट्टी ढिगात असताना मध्यभागी द्रव ओतला तर एका जनावराच्या वाट्याला चौघांचा युरिया येतो.

पहिले पाच दिवस डोई ८ ग्रॅम, पुढचे पाच दिवस १६, अकराव्या दिवसापासून २५. मध्ये दोन-तीन दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आधी साधा कडबा थोडा खाऊ द्या, मग हा. पिण्याच्या पाण्यात युरिया कधीही नाही. कच्च्या सोयाबीनची चुरी असलेल्या खाद्यात तर नाहीच नाही: त्यातलं युरिएज युरियाचा झपाट्याने अमोनिया करतं. लातूर-वाशिमकडे चुरी स्वस्तात मिळते, त्यामुळे ही चूक तिथं सहज होते. चाटण वीट वापरत असाल तर ती छपराखाली आडवी टांगा. पावसाचं पाणी तिच्यावर साचलं आणि जनावराने ते प्यायलं की झालं.

विषबाधेची चिन्हं साधारण २० मिनिटं ते तासाभरात दिसतात: कान-कातडी थरथरणं, तोंडाला फेस, दात खाणं, पोट फुगणं, धापा, मग कोसळणं. पशुवैद्यकाला बोलवा आणि ते येईपर्यंत ५ टक्क्यांचा शिरका (व्हिनेगर) तयार ठेवा. १८० किलोच्या जनावराला साधारण दोन लिटर शिरका आणि आठ-दहा लिटर थंड पाणी नळीने पोटात घालतात. आम्लामुळे अमोनिया शोषला जाणं मंदावतं. जनावर आडवं पडलं असेल तर बाटलीने घशात ओतू नका, फुप्फुसात जाईल. म्हणूनच चारताना दोन तास गोठ्यात कुणीतरी थांबावं, निदान पहिले पंधरा दिवस.

हे रोजचं नको असेल तर कडब्यावर प्रक्रिया करता येते: १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचं, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचं. उघडल्यावर तासभर हवेवर पसरा, अमोनियाचा झणका उडू द्या, मग घाला. प्रक्रिया केलेल्या कडब्यासोबत वरून युरिया द्यायचा नाही.

पायरी ७: दुसरा नमुना

पूर्ण मात्रा सुरू होऊन दोन आठवडे झाले की दोन्ही गटांचं रक्त, म्हणजे साधारण पंचविसाव्या दिवशी. त्याच वेळी, त्याच शिरेतून, त्याच प्रयोगशाळेत. वजन आणि अल्ब्युमिन साठाव्या दिवशी.

सहा-सहाच्या गटांत जनावराजनावरातला बीयूएनचा नेहमीचा फरक ३ मिलिग्रॅमचा धरला तर दोन गटांच्या सरासरीत ४ पेक्षा कमी फरक असेल तेव्हा तो पूरकामुळेच पडला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ७ विरुद्ध १२ हे बोलणारं उत्तर आहे, ७ विरुद्ध ९ नाही. विक्रेता दोन जनावरांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे कागद दाखवत असेल तर त्याला ‘न दिलेल्या’ जनावरांचे कागद मागा. मधल्या काळात चारा बदलला असेल, तर आकडे पूरक न खाणाऱ्यांचेही हललेले असतात.

बीयूएन १२ च्या पुढे गेलं आणि शेण मऊ पडलं, पण वजन जागचं हललं नाही, तर आता अडचण ऊर्जेची आहे: अर्धा किलो मका किंवा ज्वारीचा भरडा वाढवा. यीस्ट, मोनेन्सिन वगैरेंचा विचार करायचा असेल तर तो इथं, याच्या आधी नाही. बीयूएन अजून ८ च्या आतच असेल तर कुट्टी उरते का पाहा. पुष्कळदा युरिया लागलेला भाग उरतो आणि जनावर कोरडा भाग निवडून खातं. मळी थोडी वाढवली की ते थांबतं.

जूनच्या पावसानंतर गवत फुटलं की आठवड्याभरात पुन्हा एकदा दोन-तीन जनावरांचा युरिया बघा. कोवळ्या गवतावर बीयूएन आपोआप १५-२० वर जातं, आणि त्याच दिवशी युरियाचा डबा बंद करून, चिठ्ठी लावून, उंच फळीवर ठेवायचा.